चहा पाण्यात धरावा की नाही? एका खोट्या हिशेबाचा इतिहास

१/ “चहा म्हणजे पाणी नव्हे. एक कप चहा शरीरातले दोन कप पाणी बाहेर काढतो. म्हणून चहा कितीही झाला तरी आठ पेले साधे पाणी वेगळे प्यायलाच हवे.” हा संदेश आपणापर्यंतही आला असेल. बनावट बखरीतला एक उतारा दिसताच ‘अस्सल साधन दाखवा’ म्हणणारे आपण, या विधानापुढे मात्र निमूटपणे मान डोलावतो. आज त्याचीच साधनचिकित्सा करू.

२/ आरंभ पुण्यातून. साल १८९०. गोपाळ विनायक जोशी यांच्या खटपटीने शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. तेथे ख्रिस्ती यजमानांनी चहा पुढे केला. पुढे उपस्थितांची नावे छापून आली आणि शहरात वादळ उठले. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. हेच ते प्रसिद्ध चहा-ग्रामण्य.

३/ या वादाचे मर्म काय होते? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या हातचा चहाही चालत नाही. साखर, दूध, पत्ती पडली म्हणून पाण्याचे पाणीपण जात नाही, हे त्या तक्रारीचे गृहीतक होते. निष्कर्ष अन्यायाचा, विटाळाची कल्पना त्याज्य. पण ‘चहा हे पाणीच’ एवढ्या एका मुद्द्यावर १८९० चे सनातनी आजच्या आरोग्यगुरूंहून अधिक शास्त्रशुद्ध होते, असे म्हणणे भाग आहे.

४/ मग चहा पाण्याच्या पंक्तीतून उठवला कोणी? पहिला धागा राष्ट्रीय भावनेचा. आसामातील मळे, तेथील मजुरांचे हाल, परकीय भांडवल आणि १९०३ च्या कायद्याने चहावर बसवलेला उपकर. त्या उपकराच्या पैशातून हिंदुस्थानी माणसाला चहाची गोडी लावण्याचा प्रचार चालला. अशा पेयाविषयी देशभक्तांच्या मनात तिटकारा असणे स्वाभाविक होते, नव्हे न्याय्य होते.

५/ परंतु न्याय्य तिटकारा आणि शरीरशास्त्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना गांधीजींनी ‘की टू हेल्थ’ हे पुस्तक लिहिले. चहातील टॅनिनवर त्यांनी टीका केली. तरीही चीनमध्ये चहा रुजला तो पाणी नीट उकळले आहे याची खूण म्हणून, ही कथा त्यांनी आवर्जून सांगितली. चहाचा हा कट्टर टीकाकारही त्या पेल्यातले पाणी नाकारत नव्हता.

६/ दुसरा धागा प्रयोगशाळेचा. कॅफिनमुळे लघवी वाढते, ही गोष्ट खरी आहे. ती लपवण्याचे कारण नाही. १९२८ मध्ये एडी आणि डाउन्स यांनी यावर प्रयोग केला. किती माणसांवर? तिघांवर. आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सहनशीलता’ हा शब्द आहे: शरीराला कॅफिनची सवय झाली की त्याचा हा परिणाम मंदावतो, हाच त्या अभ्यासाचा विषय. उत्तरार्ध गळून पडला, पूर्वार्ध गावभर झाला.

७/ २००३ मध्ये मॉन आणि ग्रिफिन यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. कित्येक दिवस कॅफिन न घेतलेल्या माणसाला एकदम २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तर काही काळ लघवी वाढते. रोज चहा घेणाऱ्याच्या बाबतीत हा परिणाम फारच थोडा उरतो. ‘एका कपाने दोन कप जातात’ असे त्यात कोठेही नाही.

८/ २०११ चा एक ब्रिटिश प्रयोग पाहा. २१ निरोगी पुरुषांना बारा तासांत २४० मिलिलिटरचे चार किंवा सहा मग चहा दिला, आणि दुसऱ्या वेळी तेवढेच उकळलेले पाणी. रक्त आणि लघवी यांच्या तपासणीत लक्षणीय फरक आढळला नाही. या प्रयोगामागे चहाउद्योगाचा पैसा होता. हे सांगितलेच पाहिजे, कारण साधनाचा हेतू तपासणे हा आपला पहिला नियम.

९/ म्हणून दुसरा साक्षीदार. २०१६ मध्ये ७२ पुरुषांवर झालेल्या प्रयोगात तेरा पेयांची तुलना झाली. प्रत्येक पेय एक लिटर दिले आणि पुढील काही तासांतील लघवी मोजली. गरम चहा, थंड चहा, कॉफी यांचा निकाल साध्या पाण्यासारखाच आला. शरीरात जास्त काळ टिकणाऱ्यांत दूध होते आणि जलसंजीवनी होती. आपल्या चहात दूध असते, हेही जाता जाता ध्यानात घ्यावे.

१०/ आता आपल्या टपरीचा हिशेब. २०११ च्या प्रयोगात सहा मगांत, म्हणजे १४४० मिलिलिटर चहात, २५२ मिलिग्रॅम कॅफिन होते. त्या मापाने ८० मिलिलिटरच्या कटिंगमध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम. आपला चहा कडक म्हणून दुप्पट धरू: २८. २५० चा आकडा गाठायला एका बैठकीत नऊ कटिंग लागतील. असा रसिक विरळाच.

११/ राहिला आठ पेल्यांचा आकडा. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी बहुतेक वेळा अडीच लिटर पाणी पुरेसे मानले, आणि लगेच पुढे नोंदवले की यातील बराचसा भाग शिजवलेल्या अन्नातच असतो. आठ पेल्यांचे मूळ बहुधा या अर्धवट वाचलेल्या परिच्छेदात असावे. पहिले वाक्य उचलायचे, पुढचे सोडायचे: इतिहासाचे विकृतीकरण याहून वेगळे कसे असते?

१२/ २००२ मध्ये मूत्रपिंडांचे अभ्यासक हाइन्झ वाल्टिन यांनी या नियमाचा शास्त्रीय आधार शोधला. समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसासाठी तो त्यांना सापडला नाही. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकसंस्थेने दिवसाचे एकूण पाणी पुरुषांना ३.७ आणि स्त्रियांना २.७ लिटर सांगितले. त्यात अन्नातले पाणी धरले, आणि चहा-कॉफीही धरली.

१३/ ‘चहा तब्येतीला चांगला म्हणता का?’ असे कोणी विचारील. तो प्रश्न वेगळा आहे. दिवसभराची साखर हानिकारकच. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी असल्याची नोंद राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असताना ही बाब गंभीर आहे. वैशाखात विदर्भाच्या शेतात घाम गाळणाऱ्याला तर चहावर भागणारच नाही. या कारणांनी चहा कमी करा, अवश्य करा. पण खऱ्या कारणाला खोट्या हिशेबाची कुबडी कशाला?

१४/ आणि खोटा हिशेब निरुपद्रवीही नसतो. डायलिसिसवर असलेल्या किंवा हृदय दुबळे झालेल्या रुग्णाला वैद्य दिवसाचे पाणी मोजून देतात. त्या मापात चहा, ताक, आमटी, बर्फ सारे धरायचे असते. ‘चहा पाण्यात धरत नाहीत’ अशा समजुतीने घरातली माणसे प्रेमाने दोन कप वाढवतात, आणि ते पाणी रुग्णाच्या पायांवर सूज होऊन, छातीत धाप होऊन उतरते. एका असत्य ओळीची किंमत तेथे मोजली जाते.

१५/ तात्पर्य: चहा हे रंगीत, गोड, उकळलेले पाणी आहे आणि ते पाण्याच्या हिशेबात धरावे. किती प्यावा हे साखर, लोह, झोप आणि वैद्यांचा सल्ला यांवर ठरवावे. निरोगी माणसासाठी तहान हा उत्तम मार्गदर्शक. आणि पुढच्या वेळी असा संदेश आला की शिवकालीन पत्राला जो प्रश्न विचारतो तोच त्यालाही विचारावा: कोणी लिहिले, कधी लिहिले, आणि पुढचे वाक्य कोणी खोडले?

धागा समाप्त. साधनासह खंडन करणाऱ्याचे स्वागतच आहे. कटिंग माझ्याकडून, आणि ते पाण्यात धरले जाईल.