फीत चढण्यापूर्वी

काल रात्री ज्याच्या शेजारी बसून जेवला, त्यालाच आज पहाऱ्यावर उशीर केल्याबद्दल जाब विचारावयाचा, हा प्रसंग प्रत्येक नव्या लान्स नाईकावर येतो. बाहीवर फीत एका दिवसात चढते. शब्दाला वजन मात्र त्या दिवशी येत नाही.

बेळगावकरांना हा विषय परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे आणि इन्फंट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंगही याच गावी आहे. हत्यारे, नकाशावाचन, गस्त यांचे शिक्षण तेथे मिळते व ते हवेच. परंतु आमच्या मते खरी कसोटी तोंडी हुकुमाची. शत्रू कोठे, जमीन कशी, कोणी काय करावयाचे, हे दहा जणांना थोडक्यात सांगावयाचे आणि ते त्यांना समजले की नाही, हे उलट प्रश्न विचारून पाहावयाचे. घोकून आलेला पोपट येथेच उघडा पडतो!

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सर्व साथीदार ठार वा जखमी झाले. ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो जिंकला आणि तेथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण असे शौर्य शिकवून येत नाही. शिकविता येते ती त्याआधीची गोष्ट, माणसे जपून पुढे कशी न्यावी ही.

आज तिची निकड वाढली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्केच जवान कायम. तेव्हा नाईकाची चूक मुकाट्याने सावरून घेणारा मुरलेला शिपाई शेजारी असेलच, असे नाही.

म्हणून फीत चढण्यापूर्वीच होतकरू शिपायाच्या हाती काही आठवडे त्याच्याच बरोबरीची तुकडी द्यावी. त्याला चुकू द्यावे, आणि सुभेदारसाहेबांनी (हे त्यांना जड जाईल!) संध्याकाळपर्यंत तोंड मिटून राहावे. घरचा फोन आल्यापासून ताटावरून अर्धपोटी उठणारा जवान त्याच्या नजरेस पडला की नाही, हेही नेमबाजीच्या गुणांशेजारी लिहिले जावे.