मुख्य तक्रार : माणसे नाहीत

वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाची हकिगत लिहायला शिकवतात, तेव्हा पहिला नियम असा सांगतात की मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी. ‘पोटात गोळा उठतो’ असे तो म्हणाला तर तेच लिहावे. त्याला शास्त्रीय नाव नंतर द्यावे. पालक मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी बोलायला येतात तेव्हा मात्र हा नियम हटकून मोडला जातो. तक्रार आई सांगते, निदान वडील करतात आणि ज्याच्याविषयी हे सारे चाललेले असते तो खुर्चीच्या टोकावर बसून दाराकडे पाहत असतो. त्याचे शब्द कोणी टिपून घेत नाही. म्हणून या अंकात एका खेळाच्या चाहत्यांची तक्रार त्यांच्या बाजूने ऐकावी, असे योजले आहे. त्या निमित्ताने आनंद, प्रतीक्षा आणि अपेक्षाभंग यांचे मेंदूत काय होते, हेही पाहता येईल.

खेळाचे नाव ‘फॉलआउट ७६’. ‘फॉलआउट’ ही मालिका १९९७ पासून चालत आलेली आहे. तिच्या कल्पनेतील जगात २०७७ साली अणुयुद्ध होते, शहरे बेचिराख होतात आणि थोडे लोक भूमिगत आश्रयस्थानांत शिरून वाचतात. ‘७६’ या भागात खेळाडू त्या युद्धानंतर पंचवीस वर्षांनी, म्हणजे २१०२ मध्ये, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यात अशाच एका तळघरातून बाहेर पडतो. भूक लागते, तहान लागते, दूषित पाणी उकळून प्यावे लागते आणि किरणोत्सर्ग अंगात साठत जातो. तो घालवण्यासाठी ‘रॅडअवे’ नावाचे औषध शिरेतून घेतले की खेळाडू क्षणात निर्मळ होतो. (असे सर्वगुणी औषध आमच्याकडे नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. पोटॅशियम आयोडाइड केवळ थायरॉइड ग्रंथीला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते. ‘प्रशियन ब्लू’ हा मुळातला रंग सीझियम शरीराबाहेर काढायला मदत करतो. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथील दुर्घटनेत तो रुग्णांना देण्यात आला होता. यापलीकडे आमची भात्यातली शस्त्रे फार नाहीत.)

हा खेळ १४ नोव्हेंबर २०१८ रोजी बाजारात आला. त्यापूर्वी, जून २०१८ मध्ये, बेथेस्डा या कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी त्याची योजना सांगितली होती. खेळात जो माणूस भेटेल तो खराखुरा खेळाडू असेल, संगणकाने चालवलेले मानवी पात्र एकही नसेल, ही ती योजना. कागदावर कल्पना आकर्षक होती. प्रत्यक्षात खेळाडू डोंगरदऱ्या तुडवीत निघाला की त्याला भेटत ती यंत्रमानवांनी राखलेली घरे, प्रेते आणि मृतांनी मागे ठेवलेल्या ध्वनिफिती. त्या कथेत अग्निशमन दलाचे जवान, पोलीस आणि वैद्यकीय सेवक यांनी युद्धानंतर एकत्र येऊन उभारलेली ‘रिस्पॉन्डर्स’ नावाची एक संघटना आहे. ती लोकांना पाणी शुद्ध कसे करावे, जखम कशी बांधावी, हे शिकवी. खेळाडू तिच्या केंद्रात पोहोचतो तेव्हा शिकवणी यंत्रावर तशीच चालू असते, शिकवणारे मात्र साथीच्या रोगाने केव्हाच संपलेले असतात. माझ्या व्यवसायातील माणसाला हा प्रसंग चटका लावून जाणारा वाटेल. चाहत्यांनाही तो लागला. परंतु असे प्रसंग एकामागून एक येत राहिले तेव्हा त्यांच्या मनात दुःखाऐवजी कंटाळा आणि मग राग साचू लागला.

राग अनेक गोष्टींचा होता. खेळ अडखळत चाले, मध्येच बंद पडे. दोनशे डॉलरच्या विशेष संचात कॅनव्हासची पिशवी मिळेल असे सांगून नायलॉनची धाडण्यात आली आणि भरपाई म्हणून प्रथम खेळातले आभासी चलन देऊ केले गेले. पुढे गदारोळ झाल्यावर खऱ्या पिशव्या देण्याचे कबूल करावे लागले. समीक्षकांनी शंभरापैकी पन्नाशीच्या आसपास गुण दिले. पिशवीची चर्चा जगभर गाजली, कारण पिशवीवर हसता येते. पण चाहत्यांच्या तक्रारी वाचत गेले तर सर्वांत खोल तक्रार दुसरीच होती. हे जग रिकामे आहे, इथे बोलायला कोणी नाही, मी कोणासाठी काही करावे असा कोणी नाही. नवी शस्त्रे हवीत, नवे राक्षस हवेत, ही मागणी त्यानंतरची.

९ जून २०१९ रोजी लॉस एंजेलिस येथील वार्षिक मेळाव्यात हॉवर्ड यांनी झालेल्या टीकेचा रंगमंचावरून उल्लेख केला आणि त्याच कार्यक्रमात ‘वेस्टलँडर्स’ या विस्ताराची घोषणा झाली. विस्तार म्हणजे मूळ खेळाला जोडलेला नवा अध्याय. हा विनामूल्य होता. घोषणेचा गाभा इतकाच, की माणसे परत येत आहेत. संवाद असतील, वस्त्या असतील, कोणाची बाजू घ्यायची याची निवड असेल. भारतात तेव्हा १० जूनची सकाळ होती.

प्रतिक्रिया एकसुरी नव्हत्या. काहींना अनावर आनंद झाला. काही म्हणाले की जे पहिल्या दिवशी द्यायचे ते वर्षभराने देऊन उपकार कसले करता. तिसरा एक छोटा गट मला विशेष वाटतो. त्यांना तो ओसाडपणाच आवडू लागला होता आणि गर्दी झाली तर आपले निःशब्द डोंगर हरवतील, अशी भीती त्यांना वाटत होती. पुढे ऑक्टोबरमध्ये विस्तार लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले आणि त्याच महिन्यात कंपनीने मासिक वर्गणीची योजना आणली. आनंदित झालेलेच सर्वाधिक भडकले.

यात चमत्कारिक काही नाही. स्वित्झर्लंडमधील वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अवचित फळांचा रस दिला की त्याच्या मेंदूतील डोपामाइन स्रवणाऱ्या पेशी उद्दीपित होत. मग रसाआधी एक संकेत देऊ लागले. काही काळाने त्या पेशी संकेतालाच प्रतिसाद देऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत राहिल्या. संकेत देऊनही रस दिला नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी त्या पेशींची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. घोषणा हा संकेत होय. ती ऐकताना जो हर्ष होतो तो खोटा नसतो. किंबहुना काही वेळा मूळ वस्तूपेक्षा तोच मोठा असतो. आणि तारीख पुढे गेली की होणारी घसरण हीसुद्धा शरीरातील घटना आहे, केवळ लाडावलेपण नव्हे. सणाला माहेरी नेण्याचा निरोप आला आणि मग कोणी न्यायला आले नाही, तर सासुरवाशिणीचे काय होई, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रयोगाविना ठाऊक होते.

हल्ली डोपामाइन हा शब्द वाटेल तिथे वापरला जातो, याचा मला थोडा वैताग आहे. पोराने मोबाइल हातात घेतला की ‘डोपामाइन’, गोड खाल्ले की ‘डोपामाइन’. तो काही विषारी पदार्थ नव्हे. तो नसता तर सकाळी उठून कामाला लागण्याची इच्छाही झाली नसती. प्रश्न तो स्रवतो का हा नाही. आयुष्यात संकेत किती ठिकाणांहून येतात, हा आहे. ज्याला मित्राच्या हाकेची, सामन्याची, मामाच्या गावची, गणपतीतल्या ढोलपथकाची वाट पाहता येते, त्याचा एक संकेत फसला तरी दिवस बुडत नाही.

त्याच जून महिन्यात दहावीचा निकाल लागलेला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. कुटुंब नुकतेच बदलीवर आले होते. डोके दुखते, सकाळी उठवत नाही, चिडतो. आईच्या मते सारे खापर गेमवर. मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि त्याला विचारले की रात्री जागून कशाची वाट पाहतोस. तो प्रथम गप्प राहिला, मग म्हणाला, “डॉक्टरकाका, आता त्यात माणसं येणार आहेत.” हे वाक्य मी तक्ता भरताना मुख्य तक्रारीच्या रकान्यात तसेच लिहिले. डोकेदुखीचे कारण साधे होते. चष्म्याचा नंबर वाढलेला आणि झोप जेमतेम पाच तास. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. नेत्रतपासणी, रात्री साडेदहानंतर पडदा बंद, दर वीस मिनिटांनी नजर उठवून लांब पाहणे, एवढेच औषध लिहून दिले. आईला मात्र वेगळे सांगितले : या गावात याला हाक मारणारे अजून कोणी नाही, त्याची सोय आधी करा. त्या म्हणाल्या, “म्हणजे गेम बंद नाही करायचा?” मी म्हटले, नाही. त्यांचा चेहरा समाधानी झाला असे म्हणता येणार नाही.

मग आजार म्हणायचे कशाला? मे २०१९ मध्ये, म्हणजे या घोषणेच्या दोनच आठवडे आधी, जागतिक आरोग्य सभेने आयसीडी-११ ही रोगांची नवी सूची स्वीकारली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे. खेळाला इतर आवडी आणि दैनंदिन कामांहून वाढते प्राधान्य मिळणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. शिवाय याने शिक्षण, कुटुंब, नोकरी अशा क्षेत्रांत लक्षणीय हानी झालेली असावी आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसत असावे. किती तास खेळतो, हा आकडा या व्याख्येत नाही. घोषणा ऐकून उड्या मारणे नाही, तारीख लांबली म्हणून आदळआपट करणे नाही, एखाद्या पिशवीवरून तावातावाने भांडणेही नाही. ज्याला राग येतो त्याचे अद्याप कशावर तरी प्रेम आहे. मला अधिक काळजी वाटते ती नवा विस्तार आला काय नि न आला काय, निर्विकार चेहऱ्याने पहाटेपर्यंत खेळत राहणाऱ्याची. परीक्षा बुडवून खोलीत कोंडून घेतलेला असा एक महाविद्यालयीन तरुण मी पाहिला आहे. त्याला खेळात आनंद उरलेला नव्हता आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवावे लागले. मुळात नैराश्य निघाले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे, आणि जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल तर ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

‘वेस्टलँडर्स’ अखेर १४ एप्रिल २०२० रोजी आला. कर्मचारी घरून काम करू लागल्याने शेवटचा आठवडा पुन्हा लांबला होता. आपल्याकडची ती तारीख आठवून पाहावी : पहिल्या एकवीस दिवसांच्या टाळेबंदीचा तो अखेरचा दिवस, आणि ती ३ मेपर्यंत वाढल्याचे त्याच सकाळी सांगितले गेले. ज्या जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभरापूर्वी खेळाच्या विकाराला नाव दिले होते, तिनेच मार्चअखेर गेम कंपन्यांच्या ‘घरी राहा, दूर राहून एकत्र खेळा’ या मोहिमेला पाठिंबा दिला होता. या दोन भूमिकांत मला विसंगती दिसत नाही.

विस्ताराचे कथानक साथ येण्यापूर्वी रचलेले, आणि तरी त्याचा कणा होता लसीकरणाचा. डोंगरात परतलेल्या माणसांना त्या जुन्या साथीपासून वाचवायचे तर वसाहतवाले आणि लुटारू अशा दोन्ही गटांना लस घ्यायला राजी करावे लागते. दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि खेळाडूवरही चटकन विश्वास ठेवत नाहीत. पुढल्याच वर्षी माझ्या प्रभागात घरोघर फिरताना मला हेच काम पुरले, आणि तिथे संवादाचे चार तयार पर्याय पडद्यावर उमटत नव्हते.

चाहत्यांनी या विस्ताराचे स्वागत केले. सर्वांनी नव्हे, पण पुष्कळांनी. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट’वरील दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा एका दिवसात दहा लाखांहून अधिक लोक हा खेळ खेळत असल्याचे जाहीर झाले. त्यातले असंख्य नवखे होते. तळघराचे दार उघडून ते बाहेर येत, तेव्हा जुने खेळाडू आपापल्या चिलखतात बाहेर थांबलेले असत. नवख्यासमोर ते शुद्ध पाण्याच्या बाटल्या, शिजवलेले अन्न आणि औषधे ठेवत, हात हलवून खूण करत आणि निघून जात. त्याबद्दल खेळात गुण मिळत नाहीत.