कोठाराची किल्ली

घरातील मूल संसार केव्हा शिकते, हे सांगणे कठीण आहे. आपण त्याला वाण्याकडे पाव किलो साखर आणावयास पाठवितो, उरलेल्या सुट्या पैशांचा हिशेब विचारतो, विजेचे बिल पाहून त्याच्यादेखत कपाळाला आठ्या घालतो. या शाळेला घंटा नाही आणि परीक्षाही नाही.

बालगृहातील मुलाचे तसे नसते. तेथे घंटा होते आणि ताट समोर येते. धान्य कोठारातून मोजून निघते, किल्ली अधीक्षकांपाशी. अशी मुले आमच्या शाळेत येतात. वक्तशीरपणात आणि कपड्यांच्या घडीत ती आमच्या घरच्या चिरंजीवांना सहज मागे टाकतील! परंतु दोघांच्या भाताला तांदूळ किती घ्यावेत, हे नववीतल्या मुलालाही ठाऊक नसते. पन्नासांचा भात एकाच पातेल्यात शिजतो, तेथे हा प्रश्न त्याच्यापुढे येणार कसा?

अठरावे वर्ष उलटले की त्याला ते छप्पर सोडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अशा मुलांना अर्थसाहाय्य 'देता येईल' असे म्हटले आहे. 'द्यावे' असे म्हटलेले नाही. या एका क्रियापदात पुष्कळ काही सामावले आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ व्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाची सोय सांगितली. सहा ते आठ जणांनी एकत्र राहावे, अशीही कल्पना त्यांत आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्य योजनेत यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. मूल बाहेर पडण्यापूर्वी दोन महिने त्याच्या पुढील व्यवस्थेचा आराखडा समितीपुढे ठेवावयाचा असतो. दोन महिन्यांत आराखडा तयार होईल. मूल कसे तयार होणार?

आमच्या मते आरंभ चौदाव्या वर्षी व्हावा. आठवड्यातून एकदा चौघा मुलांच्या हाती कोठाराची किल्ली आणि ठरावीक रक्कम द्यावी. त्यांनी बाजार करावा, रांधावे, हिशेब लिहावा. भात करपला तर करपलेला खावा! दहा वर्षांवरील मुलास बँकेच्या नियमांनुसार स्वतःचे बचत खाते चालविता येते; त्याचे पासबुक कपाटात कुलूपबंद का असावे?

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्यात मिंधेपणा होता, तो आम्हांस नको आहे. पण सात घरे कशी चालतात, हे त्या मुलांना आपोआप दिसे. अधीक्षकांच्या अनुमतीने एखाद्या रविवारी अशा मुलाला घरी बोलवावे, आणि पाहुणा म्हणून पाटावर न बसवता भाजी निवडावयास बसवावे.

खोलीचा प्रश्न मात्र केवळ पैशाने सुटत नाही. नोकरी लागलेल्या मुलालाही घरमालक विचारतो : गाव कोणते? घरी कोण असते? आपल्यापैकी ज्यांची माडीवरची खोली रिकामी आहे, त्यांनी त्याच्या पगाराची आणि वर्तणुकीची चौकशी अवश्य करावी. एवढ्यावर खोली देता येते.