झाडावर चढण्याचा हक्क कोणाचा?

उन्हाळ्याची सुटी लागली की वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक ठरावीक लेख हमखास येतो. मामाचा गाव, आमराई, विहिरीवरच्या उड्या, झाडावर बांधलेले फळकुटांचे घर आणि शेवटी 'आजच्या मुलांना हे सुख कुठले?' असा सुस्कारा. लेख वाचायला गोड असतो. त्यात खोटेही काही नसते. पण या लेखांत एक प्रश्न कधीच येत नाही. ती आमराई कोणाची होती? आणि त्याच गावातल्या वस्तीवरच्या पोराने त्याच झाडावर पाय ठेवला असता तर काय झाले असते?

झाडाला जात नसते, हे खरे. पण झाडाला मालक असतो आणि मालकाला जात असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांचा हक्क ती जमीन धारण करणाऱ्याकडे जातो. म्हणजे ज्याचा सातबारा त्याचे झाड. ज्या समाजातील बहुतेक ग्रामीण कुटुंबांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांच्या पोरांच्या वाट्याला झाड कुठून येणार? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. ती लढाई भाकरीची होतीच. पण जमिनीबरोबर सावली येते, फळ येते आणि पोरांना खेळायला फांदी येते, ही गोष्ट आपण कधी मोजली नाही.

आमच्या मराठवाड्यातल्या गावात वस्तीच्या वाट्याची झाडे ठरलेली होती. गावठाणाबाहेरचा वड, ओढ्याकाठच्या बाभळी, गायरानातल्या बोरी आणि ज्याच्याकडे गाव फिरकत नसे तो पिंपळ. वडावर सूरपारंब्यांचा डाव रंगायचा. झाडाखाली रिंगण आखायचे, एकाने तंगडीखालून काठी लांब भिरकावायची, ज्याच्यावर राज्य आहे त्याने ती पळत जाऊन आणून रिंगणात ठेवायची, तोवर बाकीच्यांनी झाड गाठायचे. मग तो वर चढणार आणि आपण पारंबीला लोंबकळत खाली येऊन सूर पकडणार. या खेळाला पैसा लागत नाही, पंच लागत नाही, गणवेश लागत नाही. एक झाड मात्र लागते.

या खेळाने आम्हाला शिकवले ते शाळेच्या पुस्तकात नव्हते. शेवग्याच्या फांदीवर भरवसा ठेवायचा नाही, ती कडकन मोडते. जांभूळ दिसते दणकट, पण ठिसूळ. चिंच चिवट, ती वाकेल पण सोडणार नाही. दोन पाय पक्के टेकल्याशिवाय हात सोडायचा नाही. वर चढणे सोपे, उतरताना कस लागतो. लहान पोर मध्येच अडकून रडू लागले तर मोठ्याने खाली उभे राहून 'उजवा पाय खाली घे, अजून घे' असे सांगत त्याला उतरवायचे. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धोक्याच्या खेळांची वर्गवारी मांडली, त्यात उंचावर चढणे हा एक प्रकार आहे. अशा खेळातून मूल धोक्याचा अंदाज घ्यायला आणि भीती आवरायला शिकते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. आमच्या वडाला हे ठाऊक होते.

पिंपळाची गोष्ट वेगळी. त्यावर मुंजा राहतो, असे गावात सांगत. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या, पण लग्नाआधी मेलेल्या मुलाचे भूत. ज्यांच्या घरात मुंजच कधी झाली नाही, त्यांच्या पोरांनी त्या भुताला का भ्यावे, हे आम्हाला कोणी समजावून सांगितले नाही. आम्हीच एके दिवशी चढलो आणि काही झाले नाही. गावातली पोरे लांबून बघत होती. अंधश्रद्धा निर्मूलनाचा आमचा पहिला वर्ग त्या फांदीवर भरला. ज्या जातीच्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली, त्याच जातीच्या झाडावर भूत बसवून बहुजनांच्या पोरांना दूर ठेवायचे, यातली खोच मोठेपणी कळली.

आता झाडावरच्या घराविषयी. शहराजवळच्या रिसॉर्टमध्ये 'ट्री हाउस' नावाची खोली हजारो रुपयांना एका रात्रीपुरती मिळते. साहेब लोक मुलांना घेऊन जातात, फोटो काढतात. आम्ही त्याला माळा म्हणत होतो. चार मेढी किंवा बांधावरचे झाड, त्यावर लाकडे, वर कडबा. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला पोरांना त्या माळ्यावर बसवत. हातात गोफण, फडक्यात भाकरी, आणि उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत 'हाऽऽ हो' करत ओरडायचे. कणीस दुसऱ्याचे, राखण आमची. त्या माळ्यावर वारा छान लागायचा, चांदणे छान दिसायचे, हे मी नाकारत नाही. पण ज्या दिवसांत माळ्यावर बसलो, त्या दिवसांत शाळेच्या हजेरीत नावापुढे गैरहजेरी पडली. एकाच्या लेखातले झाडावरचे घर ही गंमत असते आणि दुसऱ्याच्या आयुष्यातले तेच घर ही मजुरी असते. दोघांच्या आठवणी एका पंक्तीला बसवता येत नाहीत.

चोरीचेही तसेच. बागायतदाराच्या पोराने शेजारच्या बागेतल्या कैऱ्या पाडल्या की ती मोठेपणी सांगायची मजा होते. वस्तीवरच्या पोराने पाडल्या की ती चोरी होते. आमच्यातल्या एकाला पाच-सहा कैऱ्यांसाठी दुपारभर त्याच आंब्याला बांधून ठेवले होते. संध्याकाळी त्याच्या बापाने जाऊन हात जोडले, कारण घरातली तीन माणसे त्याच शेतावर कामाला जात होती. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. पुढे ते पोर झाडावर चढायचेच बंद झाले. पडण्याची भीती औषधपाण्याने जाते, पण अपमानाची भीती अंगात मुरते.

आणि मुलींचे काय? आमच्या बहिणी आठ-नऊ वर्षांपर्यंत आमच्यापेक्षा चपळ होत्या. त्यानंतर 'पोरीच्या जातीला शोभत नाही' म्हणून त्यांना खाली उतरवले गेले. यात गाव आणि वस्ती दोन्ही एकमताचे होते, हे कबूल करायला हवे. समतेची भाषा बोलणाऱ्या घरात मुलीचा पाय फांदीवरून खाली ओढला जात असेल, तर ती समता अर्धीच म्हणावी लागेल.

झाडावरून पडणे ही केवळ पोरांची गोष्ट नाही. चिंचा झोडपायला, आंबे उतरवायला आजही मजूर चढतो. पडला तर? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची तरतूद आहे. पण ती सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी. झाडाचा मालक योजनेत बसतो आणि झाडावर चढणारा भूमिहीन बाहेर राहतो. बांधावर उभा असलेल्याला संरक्षण आणि फांदीवर असलेल्याला काही नाही, हा कुठला न्याय?

आज आपली पुढची पिढी शहरांच्या झोपडपट्ट्यांत आणि पुनर्वसनाच्या इमारतींत वाढते आहे. तिथे झाड नाही, असलेच तर बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले. बागेत 'झाडावर चढू नये' ही पाटी. हातात मोबाईल. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या शाळांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना रोज फक्त ४० मिनिटे जादा उघड्यावर घालवायला लावली, तर तीन वर्षांत दूरचे न दिसण्याचा दोष जडण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे मोकळे मैदान हा डोळ्यांचाही प्रश्न आहे. चष्म्याचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी तर तो आधी विचारात घ्यावा.

खेळ ही कोणाची मेहरबानी नाही. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील ३१ वे कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असा निकष आहे. शहरांसाठी महाराष्ट्राचा वृक्षसंरक्षण कायदा १९७५ पासून आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. कायदे आहेत. ते आपल्या वस्तीपर्यंत आणायचे काम आपले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना काही साधी कामे सुचवावीशी वाटतात. आपल्या वस्तीतल्या शाळेला मैदान आहे का, आणि नसेल तर का नाही, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. वस्तीत, विहाराच्या आवारात जे जुने झाड उभे आहे त्याची वृक्ष प्राधिकरणाकडे नोंद करून घ्या आणि बुंध्याभोवतीचे सिमेंट काढायला लावा. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचा खर्च वाचवून वड, चिंच, आंबा लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. गावात ग्रामसभेत ठराव मांडा की गायरानातली आणि रस्त्याकडेची फळझाडे सर्व मुलांना खुली राहतील. भूमिहीन मजुरालाही अपघात योजनेत घ्या, ही मागणी आपल्या आमदाराकडे लेखी द्या. आणि मुलगी झाडाकडे धावली तर तिला हाक मारून परत बोलावू नका. खाली उभे राहून तिला पाय कुठे ठेवायचा ते सांगा.