पवित्र शास्त्राशेजारी एक वही ठेवा

सिंदेवाही, नागभीड, मूल या भागातल्या आपल्या ख्रिस्ती घरांना एक कळकळीची विनंती आहे. रोज पवित्र शास्त्र वाचणारी माणसं आपल्यात कमी नाहीत. त्या वाचनाशेजारी एक वही ठेवा आणि वाचून झाल्यावर चार ओळी स्वतःच्या हातानं लिहा. नुसत्या वाचनात डोळे ओळींवरून फिरतात, अध्याय संपतो, आमेन म्हणून आपण कामाला लागतो. दुपारी कोणी विचारलं, आज काय वाचलं, तर सांगता येत नाही. हातात पेन असला की थांबावंच लागतं. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात तर राजालाही सांगितलं आहे की नियमशास्त्राची प्रत त्यानं स्वतःसाठी लिहून काढावी आणि ती आयुष्यभर वाचावी.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण आपल्या भागाला जवळचं आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. आपल्याकडे गाडी ज्या गोंदियाहून येते, त्याच गोंदियावरून तो रस्ता जातो. टिळक पंडित माणूस. त्यांनी हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला सुरुवात केली. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते असे गुंतले की पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या विद्वान माणसाला पेन्सिल लागली, तर आपल्याला का लागू नये?

लिहायचं काय, हे सगळे विचारतात. रोवणीच्या दिवसांत मत्तयाचा विसावा अध्याय घेऊन बसा. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावायला निघतो. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी. जिची कंबर दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेली आहे, तिला ही गोष्ट टोचते, आणि टोचावीच. मग वहीत तारीख घाला, मत्तय २०:१-१६ असा संदर्भ लिहा आणि खाली खरं काय वाटलं ते लिहा. ‘सकाळपासून मी राबले आणि पाचला आलेलीलाही तेवढेच पैसे, हे मला पटलं नाही,’ असं लिहायला भिऊ नका. तीच तक्रार गोष्टीतल्या मजुरांनीही केली आणि येशूनं ती गाळली नाही. आता पुढचा प्रश्न लिहा : पाच वाजेपर्यंत ती माणसं रिकामी का उभी होती? उत्तर सातव्या वचनात आहे. त्यांना कोणी कामावर घेतलंच नव्हतं. हे लिहिता लिहिता गावातले दोन-तीन चेहरे डोळ्यांपुढे येतील. हात थकला म्हणून, दुखणं आहे म्हणून ज्यांना कोणी रोवणीला बोलावत नाही. ती नावं लिहा. तुमची स्वतःची बांधी असेल तर त्याच पानावर लेवीय १९:१३ जोडा. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं तिथं सांगितलं आहे. कोणाचे पैसे द्यायचे राहिले असतील तर आकड्यासह लिहा आणि दिल्यावर त्यावर काट मारा. असं एक पान प्रवचनाच्या टिपणांनी भरलेल्या अख्ख्या वहीपेक्षा मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

ज्या आजीला लिहिता येत नाही, तिनंही मागं राहू नये. यिर्मया तोंडानं सांगत गेला आणि बारूखानं शाईनं लिहून घेतलं. तसं नातवाला शेजारी बसवा, आजी सांगेल तसंच त्याला लिहू द्या. शुद्ध करायला जाऊ नका. यहोयाकीम राजानं बारूखानं लिहिलेली ती गुंडाळी चाकूनं कापून शेगडीत जाळली, तेव्हा बारूखानं सगळं पुन्हा लिहिलं, आणि त्यात आणखी भर पडली. पावसाळ्यात वही भिजली, वाळवी लागली, तर हे आठवा.

भाषेची लाज नको. केडगावच्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली मृत्यूच्या दारात येईपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. साध्या बायांना कळावं, हा त्यांचा ध्यास होता. तुमच्या तोंडी झाडीबोली असेल तर वहीतही झाडीबोलीच येऊ द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. वहीतलं लिखाण तुमचं आहे, ते शास्त्र नव्हे. एका वचनावरून मोठा अर्थ सुचला तर मागचीपुढची वचनं वाचा, पाळकांना विचारा, आणि खात्री होईपर्यंत तिथं प्रश्नचिन्ह राहू द्या. दुसरं, शेजाऱ्याचे दोष या वहीत नकोत. घरातल्यांनीही एकमेकांची वही न विचारता उघडू नये. माणूस खरं लिहितो ते ही खात्री असते म्हणूनच.

प्रार्थनेच्या विनंत्या लिहाल तेव्हा समोर जागा सोडा. उत्तर मिळालं तर तारीख घाला, नाही मिळालं तर जागा कोरीच राहू द्या; ओढूनताणून भरू नका.

मे महिन्यात तेंदूपत्त्याला पहाटेच जंगलात जावं लागतं, तेव्हा खंड पडणारच. चुकलेले दिवस भरून काढत बसू नका, नवी तारीख घाला आणि पुढं चला. सुरुवात मार्कापासून करा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं आहे. रोज अर्धा अध्याय पुरे. आणि नवी वही आणायला बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांत कोरी पानं उरलेली असतात. ती काढा, दाभणानं शिवा आणि आज रात्रीच पहिली तारीख घाला.