माघारीचा कागद

२०२६ च्या जानेवारीत मेलबर्न येथील ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या चौथ्या फेरीत नोवाक जोकोविच याची गाठ ज्या वीस वर्षांच्या झेक तरुणाशी पडावयाची होती, तो तरुण मैदानावर उतरलाच नाही. पोटाच्या स्नायूस दुखापत झाल्यामुळे याकुब मेन्शिकने सामन्यापूर्वीच माघार घेतली आणि जोकोविचला न खेळताच पुढील फेरी लाभली. क्रीडापृष्ठावर अशा वार्तेस चार ओळींहून अधिक जागा मिळत नाही, व एरवी ती मिळावी असा आग्रह आम्हीही धरला नसता. परंतु या तरुणाची चार वर्षांची वाटचाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ही माघार नेहमीची वाटणार नाही.

याच मेलबर्नमध्ये २०२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेन्शिक कुमारांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ब्रूनो कुझुहाराविरुद्ध खेळला. तीन सेटांचा तो सामना ३ तास ४३ मिनिटे चालला. तिसरा सेट ७-५ असा गमावल्यावर पायांत गोळे आलेल्या या मुलास चाकांच्या खुर्चीतून मैदानाबाहेर न्यावे लागले. त्याचे गुण हेरून पुढे जोकोविचनेच त्याला आपल्याबरोबर सरावास बोलावले. मनगटात बळ होते, सर्व्हिस तोफेसारखी होती. शरीर मात्र अजून पोराचे होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, मायामी येथे जे घडले ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही त्यास अतिरंजित ठरविले असते. पहिल्या फेरीपूर्वी मेन्शिकचा गुडघा इतका दुखत होता की, माघारीचा कागद घेऊन तो स्पर्धाधिकाऱ्याच्या कचेरीकडे निघाला. अधिकारी जेवावयास गेले होते! तेवढ्या अवधीत तो उपचारकाकडे गेला, त्याने गुडघा चोळूनमोळून त्यास धीर दिला, आणि कागद खिशातच राहिला. पुढे नुकतीच इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकून आलेला ब्रिटनचा जॅक ड्रेपर, फ्रान्सचा आर्थर फिस आणि तेव्हाचा जगातील चौथ्या क्रमांकाचा टेलर फ्रिट्झ हे एकामागून एक त्याच्यापुढे पराभूत झाले. ३० मार्च रोजी, पावसामुळे कित्येक तास लांबलेल्या अंतिम सामन्यात, शंभराव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जोकोविचला त्याने ७-६, ७-६ असे नमविले. एक खेळाडू एकोणीस वर्षांचा, दुसरा सदतीस वर्षांचा. क्रमवारीत ५४ वा असलेला मेन्शिक दुसऱ्या दिवशी २४ वा झाला. व्यावसायिक दौऱ्यातील हे त्याचे पहिलेच विजेतेपद होते.

या कथेतील जेवणाची वेळ लोकांच्या ध्यानात राहिली, हे स्वाभाविकच आहे. परंतु दैवाने फार तर दार उघडे ठेवले. आत जाण्याची तयारी प्रोस्त्येयोव येथे झाली होती. मोराव्हिया प्रांतातील हे गाव पन्नास हजारांहूनही कमी वस्तीचे. मेन्शिकचा जन्म येथलाच, आणि पेत्रा क्वितोवा व टॉमस बर्डिच यांची घडणही येथील क्लबातच झाली. ज्या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९ लाख आहे, त्याने २०११ पासून विम्बल्डनला क्वितोवा, वोंद्रुसोवा व क्रेचिकोवा अशा तीन विजेत्या दिल्या. आमच्याकडे बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात पुरुषांची जागतिक दर्जाची स्पर्धा भरली. २०२० मध्ये ती जिंकणारा यिरी वेसेली हाही झेकच होता! स्पर्धा आली तशी गेली. गावोगावचा क्लब मात्र पाहुण्यासारखा येत-जात नसतो, हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

झेक खेळाडूच्या उमेदवारीचा विषय निघाला की एक जुनी आठवण टाळता येत नाही. यारोस्लाव द्रोब्नीने १९४९ साली मायदेश सोडला व १९५४ चे विम्बल्डन त्याने इजिप्तचा नागरिक म्हणून जिंकले. मार्टिना नवरातिलोवाने १९७५ साली, अठरा वर्षांची असताना, अमेरिकेत आश्रय मागितला. त्या पिढीच्या तरुणाने कोठे खेळावे हे सरकार ठरवीत असे. मेन्शिकवर तसा कोणताही पहारा नाही. पण वर्षाचे दहा-अकरा महिने, खंडामागून खंड, कठीण पृष्ठभागापासून मातीवर व मातीवरून गवतावर त्याने केव्हा जावे, हे आता दौऱ्याचे वेळापत्रक ठरविते. मोठ्या स्पर्धांपैकी बऱ्याच अलीकडे आठवड्याऐवजी जवळजवळ पंधरवड्याच्या झाल्या आहेत. मायामीची स्पर्धा सुरू होत असतानाच, १८ मार्च २०२५ रोजी, जोकोविचने सहसंस्थापक म्हणून २०२० साली उभारलेल्या खेळाडूंच्या संघटनेने याच व्यवस्थेविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. पुढे जोकोविच स्वतः त्या संघटनेतून बाहेर पडला. तक्रार तेवढ्याने खोटी ठरत नाही.

मायामीनंतरचे मेन्शिकचे वर्ष सरळ रेषेत गेले नाही. त्याच उन्हाळ्यात पॅरिसला दुसऱ्या फेरीत पहिले दोन सेट सहज जिंकूनही पुढील तीन सेट व सामना त्याने पोर्तुगालच्या एन्रिके रोशापुढे घालविला. जानेवारी २०२६ मध्ये ऑकलंडची स्पर्धा जिंकून त्याने दुसरे विजेतेपद मिळविले, आणि त्याच महिन्यात मेलबर्नला माघारीची पाळी आली.

मायामीत खिशात राहिलेला कागद मेलबर्नला त्याने अधिकाऱ्यांच्या हाती दिला. प्रतिस्पर्धी तोच, ज्याला पाहून आपण रॅकेट हाती घेतली असे तो सांगतो. समोर चारांपैकी एक सर्वोच्च स्पर्धा. आणि न खेळण्याचा निर्णय वयाच्या विसाव्या वर्षी. आम्हांस त्यात भ्याडपणा दिसत नाही. व्यवस्थेचा हिशेब मात्र निराळा आहे. मायामीच्या विजयाने मिळालेले १००० गुण ५२ आठवडे संपताच खात्यातून वजा होतात. ते राखावयाचे तर पुन्हा त्याच सुमारास, स्नायू बरा झालेला असो वा नसो, त्याच मैदानावर उतरावे लागते.