संदर्भांची रास आणि गावाचा वाटा



विद्वानांच्या बाजारातही काटा असतो. कापसाला क्विंटल, दुधाला फॅट, तसे अर्थशास्त्राच्या पंडिताला संदर्भ. त्याचा लेख इतर किती पंडितांनी आपल्या लेखात आधाराला घेतला, याची मोजदाद होते. ज्याचे संदर्भ जास्त, तो मोठा. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये अशा संदर्भांची सूची छापायला सुरुवात केली. 2005 मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच निर्देशांक' काढला. ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक वीस. आपल्या कृषी शास्त्रज्ञांसाठीही राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुण ठरवून देते. कुठल्या नियतकालिकात छापून आले, यावर शास्त्रज्ञाचे वजन ठरते.

याच्याशी कोरडवाहू शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या बांधापर्यंतचा आहे. जगातल्या अर्थशास्त्रात ज्या लेखाला हजारोंनी संदर्भ मिळाले, त्यातली एक मोठी रास आपल्याच काळ्या रानातून निघाली आहे.

हैदराबादजवळ पाटणचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. या संस्थेने 1975 मध्ये सहा गावे निवडली. त्यातली चार महाराष्ट्रातली : सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कान्झरा आणि किनखेडा. उरलेली दोन, औरेपल्ली आणि डोकूर, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावातून चाळीस घरे घेतली : दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचा माणूस गावातच मुक्कामाला. तीन-चार आठवड्यांनी तो दारात येई आणि विचारी : किती पेरले, किती पिकले, कुणाकडून उचल घेतली, घरात धान्य किती लागले, बैल कितीला विकला, मजुरीला कोण गेले. असे दहा वर्षे चालले. शिरापूरची रब्बी ज्वारी, कान्झऱ्याचा कापूस, तूर आणि मूग सगळे त्या वह्यांत उतरले. पुढे ही माहिती जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

त्या वह्या रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वाचल्या. औरेपल्ली, शिरापूर आणि कान्झरा ही तीन गावे घेऊन त्यांनी 1994 मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात लेख लिहिला. विषय : खेड्यातली जोखीम आणि तिचा विमा. 1998 मध्ये या लेखाला इकॉनोमेट्रिक सोसायटीचे फ्रिश पदक मिळाले. आजवर काही हजार लेखांनी त्याचा आधार घेतला आहे.

लेखातला प्रश्न साधा आहे. एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तर त्या घराची चूल तेवढीच मंदावते का? टाउनसेंड यांना दिसले की तसे फारसे होत नाही. घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतो. त्या एकट्या घरावर आलेल्या आजारपणाचा, बेकारीचा किंवा बुडालेल्या पिकाचा परिणाम मानाने थोडा दिसतो. कारण उसनवारी असते, भाऊबंद असतात, कणगीतले धान्य असते, विकायला बैल असतो. याच वह्यांवरून रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी 1989 मध्ये दाखवले की लेकी लांबच्या गावी देण्यामागेही हाच हिशेब असतो : इकडे पाऊस गेला तरी व्याह्याच्या गावी पडलेला असतो. आपल्या आज्ज्यांनी हे केव्हाच सांगितले असते. पण आजीच्या बोलण्याला आकड्याचा पुरावा जोडला गेला, ही संशोधकांची खरी कमाई. ती आम्ही नाकारत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. या निष्कर्षाचे दोन भाग आहेत. पहिला : एकट्या घरावर आलेले संकट गाव बरेचसे वाटून घेते. दुसरा : साऱ्या गावावर आलेले संकट गावाला वाटून घेता येत नाही. घराचा खर्च गावाच्या सरासरीबरोबर चालतो, याचा अर्थच हा की सरासरी बुडाली की सारे बुडाले. शिवाय टाउनसेंड यांनी स्वतः नोंदवले आहे की संपूर्ण विम्याचे गणित संख्याशास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही, आणि तीनपैकी एका गावात भूमिहीनांना शेजाऱ्यांइतका आधार मिळत नाही. रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी 1997 मध्ये त्याच नियतकालिकात हेच आकडे पुन्हा तपासले आणि घराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा परिणाम अधिक असल्याचे दाखवले.

संदर्भ मोजणाऱ्या काट्याला यातले काहीच कळत नाही. पहिला अर्धा भाग उचलला तरी एक संदर्भ, दोन्ही भाग घेतले तरी एक संदर्भ, खोडून काढले तरी एक संदर्भ. आणि पहिला अर्धा भाग एकटा उचलला तर तो राज्यकर्त्यांना फार सोयीचा आहे : खेडे आपले आपण सावरते, मग सरकारने तिजोरी कशाला उघडायची? दुसरा भाग जोडला की तोच लेख आपल्या बाजूने साक्ष देतो.

साऱ्या गावावर येणारी संकटे कोणती? एक पाऊस, दुसरा भाव. मृग कोरडा गेला तर शेजाऱ्याकडे बियाणे मागून उपयोग काय? त्याचीही दुबार पेरणी असते. भावाचे तर विचारूच नका. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्र सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क माफ केले, आणि ती माफी पुढे वाढवून 31 डिसेंबर 2025 पर्यंत नेली. म्हणजे आपला कापूस वेचणीला येऊन बाजारात जायचा तेच महिने. अशा निर्णयाचा भार एका घरावर पडत नाही. एकाच दिवशी साऱ्या जिल्ह्यावर पडतो. उसनवारी करायची कुणाकडे? त्याच्याही घरी तोच कापूस आणि तोच भाव.

याच गावांच्या माहितीवर रोझेनझ्वाइग आणि बिन्सवांगर यांचा 1993 चा लेख आहे. पावसाळा सुरू होण्याच्या तारखेत दरसाल जी चुकामूक होते, तिला त्यांनी जोखमीचे माप धरले. ही जोखीम एका प्रमाणित मापाने कमी झाली, तर सर्वांत गरीब चौथाईतल्या शेतकऱ्यांचा नफा 35 टक्क्यांपर्यंत वाढेल, असे त्यांचे गणित सांगते. सर्वांत सधन चौथाईला काहीच फरक पडत नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गरीब शेतकरी ज्या वर्षी पाऊस बुडतो त्याच वर्षी नुकसान सोसतो असे नाही. पाऊस बुडेल या धास्तीने तो दरवर्षी कमी नफ्याची, पण सांभाळून नेणारी शेती करतो. चांगल्या पावसाच्या वर्षीही त्याला दंड पडतोच.

मग कोणी म्हणेल, शेतकरीच भित्रा. त्याचेही उत्तर याच रानात आहे. बिन्सवांगर यांनी खरे पैसे लावून या गावांतल्या लोकांची जोखीम घेण्याची वृत्ती तपासली आणि 1980 मध्ये छापली. रक्कम मोठी झाली की गरीब काय आणि सधन काय, बहुतेक सगळे सारख्याच बेताने सावध होतात. फरक मनात नाही. फरक पतपुरवठ्यात, पाण्यात आणि हाताशी असलेल्या पैशात आहे.

एवढे सारे छापून झाले आहे. पण गावातल्या किती सभांत ते वाचले गेले, पीक विम्याचे नियम बनवताना कुणी त्याचा आधार घेतला का, यासाठी संदर्भांच्या मोजणीत रकानाच नाही. आम्ही कृषी पदवीधर ही गोष्ट दुसऱ्या पिकावर ओळखतो. संकरित ज्वारी आली तेव्हा धान्याचे क्विंटल मोजले गेले. शेतकरी मात्र दाणा आणि कडबा दोन्ही मोजत होता, भाकरीची चवही मोजत होता. म्हणून रब्बीच्या रानात मालदांडी टिकून राहिली. काटा खोटा नव्हता. अर्ध्याच मालाचे वजन करत होता. संदर्भांचा काटाही तसाच. पंडितांच्या पेठेत लेख किती खपला, एवढे तो बरोबर सांगतो. कडबा मोजत नाही.

कोणी म्हणेल, ही समीकरणे शेतकऱ्याला काय कळणार? समीकरणे कळायची गरज नाही. वर जे सांगितले ते सारे बिनसमीकरणाचे आहे, आणि शिरापूरच्या पारावर ते जितके कळेल तितके दिल्लीच्या सचिवालयातही क्वचित कळेल.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत चार गोष्टींवर चर्चा व्हावी, असे आम्ही सुचवतो.

एक : जी संस्था किंवा जो संशोधक गावात माहिती गोळा करील, त्याने निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा. माहिती देण्यापूर्वीच ही अट घालावी.

दोन : कृषी विद्यापीठांत बढतीच्या गुणांमध्ये, निष्कर्ष गावात मांडला का आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली का, याचाही रकाना असावा.

तीन : विम्यासाठी किंवा आयात शुल्काच्या प्रश्नावर निवेदन देताना आपण नुसता संताप लिहू नये. साऱ्या गावावरच्या संकटाला गाव पुरे पडत नाही, हे या मान्यवर लेखांच्या आधारे मांडावे. सरकारचे सल्लागार ज्या काट्याला मानतात, त्याच काट्यावर आपला माल घालावा.

चार : प्रत्येक तालुक्यात एका गावातल्या दहा घरांनी पेरणीपासून पट्टीपर्यंतचा हिशेब वहीत ठेवावा. दहा वर्षांच्या वह्यांवर जगातल्या पंडितांनी नाव कमावले. आपल्या वह्या आपल्याजवळ असतील, तर उद्या भावाची बोलणी करताना आकडे मागायला कुणाच्या दारात जावे लागणार नाही.

पंडितांच्या खळ्यावर रास मोठी झाली, याचे आम्हाला दुःख नाही. बी आपल्या रानातले आहे. राशीतला वाटा मागण्याचा हक्कही आपला आहे.